मंत्र्यांच्या हातची पिशवी

कांद्याचा भाव चाळिसाच्या वर गेला त्या आठवड्यात द्रौपदानं भज्यांत कांद्याऐवजी कोबी घालायला सुरुवात केली. पिंपरी पेंढारच्या फाट्यावर तिची चहा-भज्यांची टपरी होती. नगर-कल्याण रस्त्यावरून जाणारे ट्रकवाले, आळेफाट्याच्या बाजाराला निघालेली माणसं तिथं हमखास थांबायची. पहिला घास तोंडात गेला की गिऱ्हाईक भजं उलटून बघायचं.

"वहिनी, कांदाभजी म्हणालो व्हतो."

"कांदा तुमी आणा, तळून मी देते," द्रौपदा म्हणायची. सुरुवातीला लोक हसायचे. नंतर हसणं बंद झालं. गोडंतेल वाढलं, हरभऱ्याची डाळ वाढली, मग चहाची साखरही. १९९८ सालचा तो ऑक्टोबर होता. रेडिओवर रोज कोणी ना कोणी सांगायचं की सरकार उपाय करतं आहे, साठेबाजांची गय केली जाणार नाही. ते ऐकत द्रौपदा कढईतलं तेल गाळून परत वापरायची.

नवल म्हणजे ज्यांनी कांदा पिकवला त्यांच्या घरातही कांदा नव्हता. साळुबाईंचं घर गावातलं जुनं बागायतदाराचं. त्यांनी उन्हाळ्यात ट्रकभर कांदा मंचरला मातीमोल भावानं विकला होता, साठवणीच्या कांदाचाळीत ठेवलेला पावसानं सडला, आणि आता त्या अर्धा किलो कांदा घेऊन दुकानातून येताना पदराखाली झाकून आणायच्या. "आमच्या दारात कांद्याचा ढीग असायचा गं," त्या द्रौपदाला म्हणाल्या, "आता शेजारीण मागंल म्हणून लपवावा लागतो. काय दिवस आलं."

एके दिवशी गावात दवंडी दिली गेली. महागाईवर उपाय म्हणून सरकार स्वस्त शिध्याची गाडी गावोगाव पाठवणार होतं. कांदा, तेल आणि हरभराडाळ, बाजाराच्या निम्म्या दरात. पहिली गाडी दुसऱ्याच दिवशी पिंपरी पेंढारला येणार, खुद्द मंत्रीसाहेब उद्घाटन करणार, मग येडगाव, मग संध्याकाळी मंचरला मोठी सभा.

दवंडी देणारा होता द्रौपदाचाच नवरा. भागुजी तलाठी कार्यालयात कोतवाल होता. शांत, कमी बोलणारा माणूस. नोकरी त्याला त्याच्या वडिलांच्या जागी मिळाली होती आणि ती टिकवायची एवढं एकच तो डोक्यात ठेवून वागायचा. त्या संध्याकाळी तो घरी आला तो उंबऱ्यातच थांबला.

"भाऊसाहेब म्हणत्यात, मंत्र्यांच्या हातची पहिली पिशवी तुला द्यायची." तलाठ्यांना गावात सगळे भाऊसाहेबच म्हणायचे.

"मलाच का?"

"फाट्यावर असतीस, धा लोकांत बोलायची सवय हाय. नीटनेटकी हाईस म्हणाले."

द्रौपदाला आनंद लपवता आला नाही. तिनं शेजारच्या दोघी-तिघींना सांगितलं, पेटीतली निळी साडी काढून उशीखाली घडी घालून ठेवली. भागुजी खाली मान घालून जेवला. झोपायच्या आधी एवढंच म्हणाला, "उद्या मी कार्यक्रमाला नसंन. पहाटंच जुन्नरला जायचंय, कचेरीचं काम हाय."

"अवो, नेमकं उद्याच?"

"साहेबांचं काम. न्हाई कसं म्हणायचं?"

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीसमोर मांडव पडला. गाडी आली ती कापडी फलक बांधलेली, वर पोती रचलेली, तेलाच्या डब्यांची चळत उन्हात चमकणारी. बायकांनी सकाळपासून रांग धरली होती. साळुबाई आपल्या सुनेला, हर्षालीला, घेऊन पुढेच उभ्या होत्या. मंत्रीसाहेब उशिरा आले, थोडं बोलले. "महागाईचा चटका माझ्या माताभगिनींना बसू देणार नाही," असं म्हणून त्यांनी पिशवी उचलली. द्रौपदानं दोन्ही हात पुढं केले. पिशवी चांगली जड होती. फोटोग्राफर म्हणाला, "ताई, जरा हसा," आणि ती हसली. मनापासून हसली.

टाळ्या झाल्या, गाड्यांचा ताफा धुरळा उडवत निघून गेला. द्रौपदा पिशवी कडेवर घेऊन पंचायतीच्या बाजूनं घराकडे वळली, तेवढ्यात मागून एक कारकून धावत आला.

"ओ बाई, पिशवी."

"हां, मिळाली मला."

"मिळाली नव्हं, परत द्या. पुढच्या गावाला लागंल."

तिला वाटलं तो थट्टा करतो आहे. ती हसलीसुद्धा. पण त्यानं पिशवीचा एक बंद धरला होता.

"अवो, साहेबांनी मला दिली. पैसे घ्यायचे तर घ्या, मी आणल्यात."

"पैशाचा प्रश्न नाही. पिशवी एकच बांधलीय. ओढाताण करू नका, लोक बघतील." आणि त्यानं ती तिच्या हातातून काढून घेतली, जशी लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घ्यावी तशी. ती तिथंच उभी राहिली. मांडवाच्या मागं कोणी नव्हतं. तिचे हात अजून पिशवी धरल्यासारखेच पुढं होते.

तिकडं रांगेत एकदम गलका झाला. विक्री सुरू व्हायच्या ऐवजी ट्रक सुरू झाला होता. "उद्या सकाळी इथंच वाटप होईल, आज फक्त उद्घाटन आहे," असं कोणीतरी खिडकीतून ओरडलं आणि गाडी आळेफाट्याच्या दिशेनं गेलीसुद्धा. रिकाम्या पिशव्या हातात घेऊन बायका बघत राहिल्या. मग मांडवामागून परतलेल्या द्रौपदावर सगळ्यांची नजर गेली.

"हिला मिळाली," कोणीतरी म्हणालं.

"न्हाई गं, त्यांनी परत घेतली."

"परत घेतली? मंत्र्यानं दिलेली?" साळुबाई पुढं आल्या. "आमच्या देखत घेतलीस तू. घरी नेऊन ठेवली का इतक्यात?"

"आक्का, शप्पथ. कारकुनानं हातातून ओढून नेली."

"आणि तू दिलीस? हसून फोटो काढलास की मघाशी. कोतवालाच्या बायकोला पहिला मान, बाकीच्यांनी उन्हात मरायचं."

ज्या बाईशी ती रोज सुखदुःख बोलायची ती बाई तिच्याकडं चोराकडं बघावं तशी बघत होती. मग ती म्हणाली, "चला माझ्यासंगं येडगावला. तिथंबी पिशवी देणार हाईत. बघा तुमच्या डोळ्यांनी. खोटी निघाले तर टपरीवरची कढई तुमच्या दारात आणून आपटीन."

गावातल्या सोपानची वडापची, माणशी पैसे घेऊन नेणारी जीप फाट्यावर उभीच होती. दाटीवाटीनं बायका बसल्या. कोणी द्रौपदाशी बोलत नव्हतं. हर्षाली तेवढी मधूनच तिच्याकडं बघून नजर वळवायची.

येडगावात धरणाच्या बाजूच्या मैदानावर तोच फलक, तोच ट्रक, तीच पिशवी. ह्या वेळी मान धोंडाबाई नावाच्या म्हातारीचा होता. तिला उभं राहताना काठी लागत होती. मंत्र्यांनी तिला वाकून नमस्कार केला, लोक भारावले. फोटो झाला. पिंपरीच्या बायका मांडवाच्या मागच्या बाजूला जाऊन थांबल्या. ताफा हलला आणि तोच कारकून आला. म्हातारीला काही कळायच्या आत त्यानं पिशवी उचलली. तिला वाटलं तो घरी पोचवायला निघाला आहे. "माझं घर तिकडं रं बाबा, ह्या अंगाला," ती काठीनं दाखवत राहिली. तो ट्रकमागं पळाला.

साळुबाईंनी द्रौपदाचा दंड धरला.

"म्हातारीला तरी..." त्या म्हणाल्या. "द्रौपदे, अगं म्हातारीला तरी फसवू नये की."

आता परत फिरायचं कोणाच्याच मनात नव्हतं. मंचरला मोठी सभा होती, साहेब लोक सगळे तिथं असणार, तिथं विचारायचं, असं ठरलं. पण हायवेवर मंचरच्या अलीकडं वाहनांची मोठी रांग लागली होती. जीप पोचली तेव्हा सभा उठली होती. खुर्च्या गोळा करणं चाललं होतं, मंत्र्यांच्या गाड्या पुण्याकडं गेल्या होत्या. गर्दीतून मागं सरकणारा तो ट्रक मात्र दिसला. फलक सोडलेला होता. तो सरकारी गोदामाकडं न जाता बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत वळला. बायका जीपमधून उतरून पायी त्याच्या मागं गेल्या.

ट्रक एका व्यापाऱ्याच्या वखारीसमोर थांबला. शटर वर गेलं. हमाल पुढं झाले आणि पोती आत जाऊ लागली.

"हे काय चाललंय?" हर्षालीनं विचारलं.

गल्ल्यावर बसलेले शेठ चष्म्यातून बघत म्हणाले, "काय चाललंय म्हणजे? माझा माल घरी येतोय. सकाळी नेला, आता आणला. साहेबांनी एक दिवसापुरता मागितला, नाही म्हणता येतं का?"

"म्हणजे उद्या आमच्या गावाला...?"

"ते मला काय माहीत, बाई. माझा माल उद्या माझ्या भावानं विकायचा."

गल्लीत पोत्यांची धप धप चालूच होती. द्रौपदा एक पाऊल पुढं गेली आणि शटरच्या आत, वजनकाट्याजवळ उभा असलेला माणूस तिला दिसला. प्रत्येक पोतं आत आलं की तो ते हातानं चाचपून बाजूला लावायला सांगत होता. तो भागुजी होता.

त्यानंही तिला पाहिलं. हात पोत्यावर तसाच राहिला.

"तुमी जुन्नरला गेला व्हता ना?" ती म्हणाली.

भागुजीच्या चेहऱ्यावरूनच तिला सगळं कळलं. पहाटे माल भरायला तोच आला होता. पिशवी परत घेणार हे त्याला काल जेवताना ठाऊक होतं. ती साडीची घडी घालत असताना ठाऊक होतं.

मागून कोणीतरी म्हणालं, "नवऱ्याला ठाऊक, म्हंजी बायकोलाबी." साळुबाई गर्रकन वळल्या. "गप. तिचं त्वांड बघ आन् मग बोल."

द्रौपदा चालत गेली आणि बरोबर शटरच्या खाली, उंबऱ्यावर, मांडी घालून बसली. हमाल पोतं पाठीवर घेऊन थबकला. तिला ओलांडून जायचं त्याला धाडस होईना. मग साळुबाई येऊन तिच्या शेजारी बसल्या, मग हर्षाली, मग बाकीच्या.

शेठनं फोन फिरवला. थोड्या वेळात पुरवठा खात्याचे साहेब जीपमधून आले, बरोबर एक हवालदार. तोवर बाजारातली माणसंही जमली होती. स्वस्त कांद्याचा ट्रक ह्या वखारीत शिरला ही बातमी सगळीकडं झाली होती.

"उठा, उठा. हा शासनाचा माल नाही. खासगी मालमत्तेत अडथळा आणताय तुम्ही," साहेब म्हणाले.

"मग सकाळी शासनाचा कसा व्हता?" साळुबाईंनी विचारलं.

"तो प्रातिनिधिक होता. खरा माल मंजुरीला गेलाय."

"प्रातिनिधिक म्हंजी काय?"

साहेबांचं लक्ष भागुजीकडं गेलं. "कोतवाल, ही तुझीच बायको ना? उठव तिला."

भागुजी काट्यापासून पुढं आला. तो वाकेल, हात धरील, असं द्रौपदाला वाटलं आणि तिनं डोळे मिटले.

"मला न्हाई जमायचं, साहेब," तो म्हणाला.

"काय?"

"न्हाई जमायचं. काल तिला सांगायला जमलं न्हाई, आज उठवायला जमायचं न्हाई."

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते आणखी काही बोलणार इतक्यात गर्दीतून कोणीतरी ट्रकवर चढलं. जमाव वखारीत शिरेल ह्या भीतीनं शेठ एकदम गल्ल्यावरून उतरले. "विकतो! सकाळी सांगितलेल्या निम्म्या दरानं विकतो. ट्रकात उरलेला सगळा. फक्त वखारीत येऊ नका," ते ओरडले. साहेबांनीही मान डोलावली.

तिथंच घात झाला. रांग लावा म्हणेपर्यंत माणसं तुटून पडली. उंबऱ्यावर बसलेल्या बायका उठायच्या आत मागच्यांच्या पायांत आल्या. हवालदाराची टोपी उडाली. ट्रकवरचं डाळीचं एक पोतं ओढाओढीत उसवलं आणि डाळ रस्त्यावर सांडली, गटाराच्या कडेपर्यंत. द्रौपदा भिंतीला चिकटून उभी राहिली आणि समोरचं बघत राहिली. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, खिशाला दोन पेनं लावलेला एक गृहस्थ गुडघ्यांवर बसून चिखलातली डाळ रुमालात भरत होता. त्याच्या शेजारी गळ्यात ठसठशीत मंगळसूत्र असलेली बाई दोन्ही हातांनी पदरात ओढत होती. त्यांचे हात एकमेकांवर पडले तेव्हा त्यानं तिचा हात झटकला. जोरात. ही चांगल्या घरची माणसं होती. मघाशी सभेत ह्यांनीच टाळ्या वाजवल्या असतील. भुकेली माणसं द्रौपदानं लहानपणी बहात्तरच्या दुष्काळात पाहिली होती, पण ती रांगेत उभी राहायची. हे तिनं कधी पाहिलं नव्हतं.

मग तिला साळुबाईंची किंकाळी ऐकू आली.

त्या ट्रकच्या चाकाजवळ पडल्या होत्या आणि लोक त्यांच्यावरून जात होते. द्रौपदा आत घुसली. दुसऱ्या बाजूनं भागुजी घुसला. दोघांनी मिळून त्यांना ओढून बाहेर काढलं, वखारीच्या ओट्यावर बसवलं. साळुबाईंचा उजवा हात कोपराखाली वेडावाकडा झाला होता. त्या रडत नव्हत्या. "माझ्या अंगावर पाय दिला गं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "बघून, बघून दिला."

ट्रक रिकामा झाला तसा जमाव ओसरला. पिंपरीच्या बायकांत हर्षालीच्या हाती तेवढा थोडा कांदा लागला होता. तिनं सासूकडं पाहिलं आणि तो तिथंच ओट्यावर ठेवून दिला.

दवाखान्यातून प्लॅस्टर घालून निघेस्तोवर रात्र झाली. सोपानच्या जीपमध्ये भागुजी मागं, दाराजवळ बसला. नारायणगाव मागं पडलं. मग द्रौपदानं विचारलं, "काल का न्हाई सांगितलं?"

"भाऊसाहेब म्हणाले, तोंड उघडलंस तर नोकरी जाईल."

"ते झालं. मला का न्हाई सांगितलं?"

भागुजी बाहेर बघत राहिला. "तू लई खूश व्हतीस," तो म्हणाला. "किती दिवसांनी तुला हसताना बघितलं व्हतं. म्हटलं, येक दिवस तरी..."

द्रौपदा रागानं काहीतरी बोलणार होती. पण तिनं खिडकीला डोकं टेकलं.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात द्रौपदाचा हसरा फोटो होता, खाली 'स्वस्त शिध्यामुळे ग्रामीण भागात समाधान'. मंचरच्या गल्लीतल्या प्रकाराचं नाव नव्हतं. आठवड्याच्या आत भागुजीला घरी बसवण्यात आलं. जमावाला चिथावणी दिल्याचा ठपका. स्वस्त शिध्याची गाडी पुन्हा आली नाही, ना दुसऱ्या दिवशी, ना दुसऱ्या महिन्यात. नवा कांदा निघाला तसे भाव आपोआप उतरले, आणि भाव उतरवल्याबद्दल सरकारनं रेडिओवर स्वतःचंच अभिनंदन केलं. भागुजी टपरीवर मिरच्या चिरू लागला. सुरुवातीला दोघं कामापुरतंच बोलायचे. पण नोकरी गेल्यापासून तो मोकळा झाला होता. कचेरीत काय काय पाहिलं, कोणासाठी काय केलं, ते तो भज्यांचं पीठ कालवता कालवता सांगायचा. त्यातलंच एक त्यानं जानेवारीत सांगितलं. त्याला कचेरीतल्या शिपायाकडून कळलं होतं की भाऊसाहेबांनी वर कळवलंय, पिंपरी पेंढारमध्ये संपूर्ण माल वाटला.

द्रौपदाचा झारा कढईवर थांबला.

"वाटला? कोणाला?"

"गावाला. सगळ्या गावाला."

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर ग्रामसभा होती. दरवर्षी मोजकी माणसं यायची, बाया तर नाहीतच. त्या वर्षी द्रौपदा साळुबाईंना घेऊन गेली. साळुबाईंचा हात अजून सरळ होत नव्हता. पाण्याच्या टाकीचा विषय झाला, रस्त्याचा झाला. ग्रामसेवक 'आयत्या वेळचे विषय' म्हणाले तशी द्रौपदा उठली. खुर्चीवर तलाठी भाऊसाहेब बसले होते.

"मला येक विचारायचंय," ती म्हणाली. "दिवाळीच्या वक्ताला स्वस्त कांदा, तेल, डाळ गावाला वाटली, असं वर कळवलंय म्हणे. माझा फोटो आला व्हता पेपरात. मला काय बी मिळालं न्हाई. ज्याला मिळालं असंल त्यानं हात वर करा."

ह्या खेपेला सभेत बरीच माणसं होती. बागायतदार होते, मजूर होते, बौद्धवस्तीतले होते, शाळेचे मास्तर होते. एकही हात वर झाला नाही. भाऊसाहेब टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. फिरवता फिरवता तो थांबला.

"लिवा मग," साळुबाई बसल्या जागेवरून ग्रामसेवकाला म्हणाल्या. "कोणीच हात वर केला न्हाई, असं लिवा."

ग्रामसेवकांनी एकदा तलाठ्यांकडं पाहिलं, एकदा सभेकडं. मग त्यांनी लिहिलं.

ती नोंद पुढं कुठं गेली, कोणी वाचली का, हे गावाला कधीच कळलं नाही. भागुजीला उन्हाळ्यात परत कामावर घेतलं, कारण न सांगता. आणि गावच्या रेशन दुकानाचं कुलूप, जे महिन्यातून मनात येईल तेव्हा उघडायचं, ते ठरलेल्या तारखेला उघडू लागलं. त्या दिवशी पिंपरी पेंढारच्या बायका दुकानाच्या पायरीवर सकाळपासून येऊन बसायच्या. माल काट्यावर चढून पिशवीत पडेपर्यंत कोणी उठायचं नाही.